चौसष्टाव्या घराचा हिशेब

गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या पंडितावर राजा खूश होतो आणि म्हणतो, हवं ते माग. पंडित म्हणतो, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. असे दर घरात दुप्पट करत चौसष्ट घरं भरा आणि तेवढे दाणे मला द्या. राजाला मागणी किरकोळ वाटते. मग कोठारं रिकामी होतात, तरी पट काही भरत नाही.

गोष्ट संपली की मोठी माणसं तात्पर्य सांगू लागतात. ऐकणारं मूल मात्र विचारतं, "मग एकूण दाणे किती?" उत्तर असं आहे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

लगेच पुढचा प्रश्न येतो, "हे मोजलं कोणी? आणि बरोबर कशावरून?" प्रश्न अगदी रास्त आहे. या प्रकरणात आपण ही एकच संख्या घेऊन बसणार आहोत. वही-पेन्सिल जवळ असू द्या. संख्या वीस आकडी आहे खरी, पण तिची बांधणी कळली की ती हातानं तयार करता येते आणि हातानं फोडताही येते. संख्या मोठी असली म्हणजे अवघड असतेच असं नाही, एवढं या प्रकरणातून पटलं तरी पुरे.

१. आधी ती वाचू या

लाख, कोटी, अब्ज, खर्व इथपर्यंत आपली जीभ सवयीनं जाते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त त्यापुढचीही नावं दिली आहेत: निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. एककापासून परार्धापर्यंत एकूण अठरा स्थानं होतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं.

आपली संख्या वीस आकडी. म्हणजे भास्कराचार्यांची अठरा स्थानं संपली तरी दोन आकडे उरतातच. परार्धाच्या भाषेत सांगायचं, तर हे दाणे १८४ परार्धांहून जास्त भरतात.

२. गव्हाच्या तराजूवर

नाव मिळालं तरी आकार डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी गहूच वजन करून पाहू. आपल्याकडच्या चांगल्या भरलेल्या गव्हाचे साधारण २५ दाणे एका ग्रॅमला लागतात. जातीप्रमाणे थोडं कमी-जास्त होईल, पण हिशेबाला एवढं पुरे.

पटाच्या एका ओळीत आठ घरं असतात. पहिली ओळ भरली की २५५ दाणे झाले. वजन सुमारे १० ग्रॅम, धड मूठही भरत नाही. दुसरी ओळ संपेपर्यंत ६५,५३५ दाणे, म्हणजे अडीच किलोच्या थोडं वर. डब्यातलं दळण म्हणा. तिसऱ्या ओळीअखेर सुमारे ६७० किलो, म्हणजे पावणेसात क्विंटल. चौथ्या ओळीअखेर, पट निम्मा भरला तेव्हा, सुमारे १७२ टन. दहा टनांचे सतराअठरा ट्रक लागतील, पण राजाला ते जड नाही.

आता उरलेला निम्मा पट. पाचव्या ओळीअखेर सुमारे ४४ हजार टन, सहाव्या ओळीअखेर सुमारे १ कोटी १३ लाख टन, सातव्या ओळीअखेर सुमारे २८८ कोटी टन आणि आठव्या ओळीअखेर सुमारे ७३,८०० कोटी टन. अख्ख्या भारतात वर्षाला साधारण ११ कोटी टन गहू पिकतो. त्या हिशेबानं हा पट भरायला आपल्याला साडेसहा हजारांहून जास्त वर्षांचं पीक लागेल.

प्रत्येक ओळ संपताना ढीग आधीच्या सुमारे २५६ पट होतो. पहिल्या चार ओळी पाहून राजानं अंदाज बांधला असेल, तर तो फसणारच होता.

३. उसना दाणा

चौसष्ट घरांतले आकडे एकाखाली एक लिहून बेरीज करायची म्हटलं, तर दिवस जाईल. पण एक सोपी युक्ती आहे.

शेजाऱ्यांकडून एक दाणा उसना आणा आणि तो पहिल्या घरातल्या दाण्याशेजारी ठेवा. पहिल्या घरात आता दोन दाणे झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतकेच. ते उचलून दुसऱ्या घरात टाका. तिथे चार झाले, म्हणजे तिसऱ्या घराइतके. ते तिसऱ्यात टाका, आठ झाले. असं करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलात की सगळा ढीग एकाच घरात जमतो आणि तो त्या घरातल्या मूळ दाण्यांच्या बरोबर दुप्पट असतो. आता उसना दाणा परत करा.

म्हणजे एकूण दाणे काढायला बेरीज करावीच लागत नाही. दोनाला दोनानं गुणत जायचं, असे एकूण चौसष्ट दोन गुणायचे. याला '२ चा ६४ वा घात' म्हणतात. त्यातून एक वजा केला की झालं. पडताळा छोट्या पटावर घ्या: १ + २ + ४ + ८ = १५, आणि चार दोनांचा गुणाकार १६. उसना एक परत केला की १५.

फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये चकत्यांच्या मनोऱ्याचं कोडं प्रसिद्ध केलं. त्यात लहानमोठ्या चकत्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर न्यायच्या असतात. एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. एका चकतीला १ खेळी लागते, दोन चकत्यांना ३, तीनांना ७, चारांना १५. तीच उसन्या दाण्याची साखळी. चौसष्ट चकत्या असतील तर आपल्या संख्येइतक्या खेळ्या लागतात. सेकंदाला एक खेळी केली, तर सुमारे ५८,००० कोटी वर्षं जातील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, म्हणजे त्याच्या चाळीसपटीहून जास्त काळ.

४. सहा गुणाकारांची वाट

आता, हे मोजलं कसं? एकेक दोन गुणत गेलो, तर त्रेसष्ट गुणाकार करावे लागतात. पण वर्ग केला, म्हणजे संख्येला तिनंच गुणलं, की घात एकदम दुप्पट होतो. म्हणून सहा गुणाकारांत काम होतं:

२ चा वर्ग ४
४ चा वर्ग १६
१६ चा वर्ग २५६
२५६ चा वर्ग ६५,५३६
६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६
आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६

शेवटचा गुणाकार लांबलचक आहे, पण चौकटीच्या वहीवर हातचे नीट सांभाळले तर अर्ध्या तासात होतो. मध्ययुगीन विद्वान अल्-बिरूनी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरच्या ग्रंथात हीच वीस आकडी बेरीज दिली आहे आणि ती वर्ग करत कशी काढायची हेही समजावलं आहे.

वर्ग करत जाण्याची कल्पना आपल्याकडे त्याहूनही जुनी आहे. पिंगलाच्या 'छंदःशास्त्रा'त लघु आणि गुरू अक्षरांच्या किती रचना होऊ शकतात हे मोजायची रीत आहे. एका अक्षराच्या दोन रचना, दोन अक्षरांच्या चार, तीन अक्षरांच्या आठ. म्हणजे पुन्हा दुपटीचाच हिशेब, आणि तोही वर्ग करत सोडवायचा.

'लीलावती'त भास्कराचार्यांनी याच रीतीवर एक सुंदर उदाहरण घातलं आहे. एका दात्यानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं. महिनाभरात किती निष्क दिले? महिना तीस दिवसांचा धरायचा.

रीत अशी. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि शेजारी 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुणा' लिहा. ३० सम, वर्ग, उरले १५. विषम, गुणा, १४. वर्ग, ७. गुणा, ६. वर्ग, ३. गुणा, २. वर्ग, १. गुणा, शून्य. आता खालून वर या: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. त्यातून उसना एक वजा करा. पहिल्या दिवशी दोन कवड्या होत्या म्हणून उत्तराची दुप्पट करा. कवड्या झाल्या २,१४,७४,८३,६४६.

वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. या कोष्टकानं उत्तर येतं: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. लाख निष्कांचा हिशेब झाला, तरी शेवटच्या सहा कवड्या सुटल्या नाहीत. कवड्यांची ही संख्या लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तिथल्या मुलांनी हे उदाहरण धूळपाटीवर सोडवलं असेल, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

५. संख्या फोडायची कशी?

आता उलट दिशेनं जाऊ. या संख्येला कोणत्या संख्यांनी पूर्ण भाग जातो? ३ ची कसोटी सोपी आहे. सगळ्या अंकांची बेरीज ८७ येते, ८७ ला ३ नं भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. शेवटी ५ आहे, म्हणून ५ नंही जातो. पण पुढे काय? वीस आकडी संख्येला एकेक संख्येनं भागत बसलो, तर आयुष्य पुरणार नाही. इथे बांधणी कामाला येते.

१० चा वर्ग १००, त्यातून १ गेला की ९९, म्हणजे ९ × ११. १६ चा वर्ग २५६, त्यातून १ गेला की २५५, म्हणजे १५ × १७. कोणत्याही वर्गातून एक वजा केला की उत्तर एकानं लहान आणि एकानं मोठ्या अशा दोन संख्यांत फुटतं. शाळेत वर्गांतराचं सूत्र शिकलो, ते हेच.

आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ च्या वर्गातून एक वजा. म्हणून ती अशी फुटते:

४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७

यातली पहिली संख्या म्हणजे निम्म्या पटावरचे दाणे. तीही कुठल्याशा वर्गातून एक वजा करूनच झालेली आहे, म्हणून ती ६५,५३५ × ६५,५३७ अशी फुटते. मग ६५,५३५ फुटतो २५५ × २५७ मध्ये, २५५ फुटतो १५ × १७ मध्ये आणि १५ म्हणजे ३ × ५. सगळं एकत्र मांडलं की:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

कांद्याचे पापुद्रे काढावेत तसे आपण पाच वेळा सोललं आणि वीस आकडी संख्या सहा तुकड्यांत मिळाली. एकही मोठा भागाकार करावा लागला नाही.

६. लपून बसलेला ६४१

यातले ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे मूळ आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना कशानंही पूर्ण भाग जात नाही. मग सहावा तुकडा? फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये मत मांडलं होतं की या साखळीतल्या, म्हणजे २ पासून वर्ग करत गेल्यावर येणाऱ्या प्रत्येक संख्येत एक मिळवून होणाऱ्या, सगळ्या संख्या मूळच असाव्यात. त्यांच्याकडे सिद्धता नव्हती, पण पहिल्या पाच संख्या पाहिल्यावर कुणालाही तसंच वाटेल. नव्वदेक वर्षं त्या सहाव्या संख्येची कुणी फोड केली नाही.

१७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी ती फोडली: ६४१ × ६७,००,४१७. ६४१ पर्यंत कसं पोचता येतं? ऑयलरचाच एक नियम सांगतो की या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीहून एकानं मोठाच असला पाहिजे. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा निवडक मूळ संख्याच तपासायच्या. पाचव्या खेपेला कुलूप उघडतं.

हे तुम्हालाही दोन ओळींत पडताळता येतं. मोठी संख्या भागायची नाही, फक्त बाकी सांभाळायची. ६५,५३६ ला ६४१ नं भागलं की बाकी उरते १५४. पुढच्या वर्गासाठी बाकीचाच वर्ग करा: १५४ × १५४ = २३,७१६. त्याला ६४१ नं भागलं की बाकी ६४०. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ ला ६४१ नं भागल्यावर ६४० उरतात. त्यात एक मिळवला की ६४१, म्हणजे बाकी शून्य. नव्वद वर्षं बंद असलेलं दार वहीच्या अर्ध्या पानावर उघडतं.

६७,००,४१७ हीसुद्धा मूळ संख्या आहे. म्हणून आपल्या दाण्यांचे एकूण सात मूळ अवयव झाले आणि एकही दुसऱ्यांदा आलेला नाही. विभाजक तयार करताना या सातांपैकी प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोनच पर्याय. दोनाला सात वेळा गुणलं की १२८. तेवढेच या संख्येचे विभाजक, आणि तेवढेच पटाच्या आठव्या घरातले दाणे.

७. कंपासपेटीतल्या पाच संख्या

३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही नावं आणखी एका ठिकाणी भेटतात. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी समभुज त्रिकोण काढता येतो, सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेला पंचकोनही काढता येतो. सप्तकोन मात्र कितीही झटलं तरी अचूक येत नाही. १७९६ मध्ये जर्मन गणिती गाउस अठरा वर्षांचे होते. त्यांनी दाखवून दिलं की १७ बाजूंची समान आकृती या दोन साधनांनी काढता येते. त्यामागचा नियम असा: बाजूंची संख्या विषम असेल, तर ती या साखळीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे.

अशा पाचच मूळ संख्या आजवर सापडल्या आहेत. पाचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे नेमके निम्म्या पटावरचे दाणे. पट्टी आणि कंपासानं काढता येईल अशी, विषम बाजूंची, आज ठाऊक असलेली सर्वांत मोठी आकृती तितक्या बाजूंची आहे. राजाच्या कोठारातले सतराअठरा ट्रक गहू भूमितीच्या तासाला असे अचानक भेटतात.

८. एकसष्टाव्या घरावर थांबलो असतो तर?

समजा, पंडितानं शेवटची तीन घरं राजाला माफ केली. मग दाणे होतील २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१. ही एकोणीस आकडी संख्याही तितकीच अवाढव्य, पण तिला कशानंही भाग जात नाही. ती मूळ आहे, हे रशियातले धर्मगुरू इवान पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये दाखवलं. चौसष्ट घरांच्या बेरजेला १२८ विभाजक आणि एकसष्ट घरांच्या बेरजेला दोनच: १ आणि ती स्वतः.

कारण घरांच्या संख्येत आहे. ६४ घरांचे सारखे गट पाडता येतात, म्हणून दाण्यांच्या बेरजेचेही तुकडे पडतात. ६१ ही स्वतःच मूळ संख्या, तिचे सारखे गट पडत नाहीत. तेवढ्यावर खात्री मात्र धरता येत नाही. ११ ही मूळ संख्या आहे, पण अकरा घरांचे दाणे २,०४७ होतात आणि ते २३ × ८९ असे फुटतात. म्हणून एकसष्ट घरांसाठी पेर्वुशिनना खरी मेहनत करावी लागली.

९. दिव्यांची माळ

संगणकाच्या आत संख्या लिहायला दोनच खुणा असतात, ० आणि १. पटावरच्या घरांत एकेक दिवा आहे असं समजा. दिवा लागला तर त्या घरातले दाणे मोजायचे, विझला तर सोडायचे. ५ लिहायचे असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या घरातला दिवा लावा: १ + ४. अशी चौसष्ट घरं वापरणाऱ्या संगणकाला आपण चौसष्ट बिटचा म्हणतो. आज आपल्या खिशातले बहुतेक फोन तसेच आहेत. सगळे चौसष्ट दिवे लावले की जी संख्या होते, ती म्हणजे आपली संख्या. एवढ्या घरांत याहून मोठी पूर्ण संख्या मावत नाही.

आणखी एक दाणा टाकला तर? तीनच आकड्यांची जागा असलेल्या यंत्रावर ९९९ नंतर ००० येतं. हातचा ठेवायला पुढचं घरच नसतं. इथेही तसंच होतं आणि सगळे दिवे विझतात.

जुने संगणक बत्तीस घरांचे होते. त्यांत एक घर संख्या धन की ऋण हे सांगायला ठेवत, म्हणून मोजणीला एकतीसच उरत. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. याचकाच्या कवड्या आठवा: २,१४,७४,८३,६४६. बरोबर एकानं कमी! आणि या दोन शेजारणींतली मोठी मूळ आहे, हे ऑयलरनी १७७२ मध्ये दाखवलं.

अशा बऱ्याच यंत्रांतलं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, त्यांची एकतीस घरं भरतील. पुढच्या सेकंदाला घड्याळ एकदम १९०१ सालात जाईल. म्हणून जगभरचे अभियंते ती यंत्रं चौसष्ट घरांवर नेत आहेत. तिथे चिन्हाचं एक घर सोडलं तरी सुमारे २९,२०० कोटी वर्षांची सोय होते.

पहिल्या दिवशी भास्कराचार्यांच्या दात्यानं दोनाऐवजी तीन कवड्या दिल्या असत्या आणि पुढचा सगळा हिशेब तसाच ठेवला असता, तर त्यांचं उत्तर त्या जुन्या यंत्रांच्या काठाला शिवलं असतं. असाच एक दाणा आपण पहिल्या घरासाठी उसना मागून आणला होता. तो ठेवला की सगळा ढीग एका घरात गोळा होतो, परत केला की संख्या सात तुकड्यांत उलगडते. चौसष्ट घरांच्या या हिशेबात तो एक दाणा सगळ्यांत लहान, आणि त्याच्याशिवाय यातलं काहीच आपल्याला हातानं करता आलं नसतं.